शिकलेलें पदार्थविज्ञान समाजाच्या कामीं

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : ‘आतां पुढें काय?’ मुलानें वैद्यकी पत्करली किंवा स्थापत्य घेतलें, तर विचारणाऱ्याचें समाधान चटकन होतें. वैद्य रोग बरा करितो, स्थापत्यविशारद पूल बांधितो, वकील तंटा तोडितो. ह्या विद्यांचा समाजास उपयोग काय, हें घरांतल्या आजीबाईंसही समजावून द्यावें लागत नाहीं. परंतु नातीनें ‘मीं पदार्थविज्ञान घेतलें’ असें सांगितलें, कीं ओसरीपासून माजघरापर्यंत सारीं माणसें क्षणभर स्तब्ध होतात. मग कोणी म्हणतो, ‘प्राध्यापकी मिळेल’, कोणी म्हणतो, ‘संगणकाच्या एखाद्या कचेरींत चिकटली म्हणजे झालें, शिकलेलें विसरली तरी चालेल.’ विद्या अर्थकरी असावी, हें आम्हांस नामंजूर नाहीं. पोटास लागतें, आणि संसार हवेवर चालत नाहीं. पण ज्या विद्येसाठीं मुलीनें आयुष्याचीं पांच-सहा वर्षें वेंचलीं, तिच्या योगें समाजाचें कांहीं भलें होईल काय, हा प्रश्न त्या बैठकींत कोणीच काढीत नाहीं; कारण त्यास उत्तर असेल असें कोणास वाटतच नाहीं. उत्तर आहे, आणि तेंच ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ही विद्या माणसास शिकविते काय, तें पाहूं. पदार्थविज्ञान, ज्यास आजचीं पाठ्यपुस्तकें भौतिकशास्त्र म्हणतात, तें सूत्रें पाठ करण्याचें शास्त्र आहे अशी सामान्य समजूत आहे. आमच्या जुन्या ज्योतिष्यांचा एक सुंदर शब्द आहे : दृक्प्रत्यय. गणितानें ग्रहणाची वेळ काढावी, आणि मग त्या वेळीं अंगणांत उभें राहून आकाशाकडे पाहावें. गणित व आकाश यांचा मेळ बसला, तर गणित खरें. न बसला, तर आकाशाशीं भांडून उपयोग नाहीं. गणितांत बीजसंस्कार करावा, म्हणजे दुरुस्ती करावी. पदार्थविज्ञानाचें सारें शिक्षण ह्या एका शब्दांत सांठलेलें आहे. आधीं मोजा, मग अनुमान करा, मग पुनः मोजून पाहा, आणि न जुळलें तर स्वतःचें अनुमान सोडण्याचें धैर्य ठेवा. ही संवय प्रयोगशाळेच्या चार भिंतींत लागते खरी; पण तिची गरज भिंतींबाहेर अधिक आहे. ती भिंतींबाहेर नेणारा एक थोर पुरुष आपल्या देशांत होऊन गेला. त्यांचें नांव डॉ. मेघनाद साहा.

साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजीं डाक्क्याजवळच्या एका खेड्यांत झाला. वडील किराणा मालाचें लहानसें दुकान चालवीत. घरांत मुलें पुष्कळ आणि मिळकत थोडी. गांवांतली प्राथमिक शाळा संपली, तेव्हां हा मुलगाही दुकानावर बसणार असेंच ठरल्यासारखें होतें. पुढची शाळा कित्येक मैल दूर, आणि तेथें राहण्या-जेवण्याची सोय कोठून व्हावी? ती सोय अनंतकुमार दास नांवाच्या एका डॉक्टरांनीं केली. त्यांनीं मुलास आपल्या घरीं ठेवून घेतलें. अट एवढीच, कीं त्यानें आपलीं भांडीं आपण घासावीं व गोठ्यांतल्या गाईची निगा राखावी. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी ज्यांनीं पाहिले आहेत, अथवा आजोबांच्या तोंडून ज्यांनीं त्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांस ह्या अटीचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

पुढें १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली. डाक्क्याच्या सरकारी शाळेंत गव्हर्नर येणार म्हणून विद्यार्थ्यांनीं निषेध केला, त्यांत हा मुलगाही होता. त्यापायीं त्याची शाळा गेली आणि शिष्यवृत्तिही गेली. दुसऱ्या शाळेंतून परीक्षा देऊन १९११ सालीं तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत आला. तेथें जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरु लाभले, सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखे सहाध्यायी मिळाले. परंतु हिंदु वसतिगृहांत मात्र उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांनीं ह्या मुलाच्या पंक्तीस बसून जेवण्यास हरकत घेतली. हा मजकूर वाचतांना आपण पांढरपेशा घरांतल्या मंडळींनीं पान उलटून पुढें जाऊं नये. ज्यानें पुढें ताऱ्यांचें तापमान वाचण्याची किल्ली जगास दिली, त्यास आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांतील मुलांनीं पंक्तींतून उठविलें होतें. आणि तरीही त्या माणसानें आपली विद्या ह्याच समाजाच्या पायाशीं ठेवली. समाजऋण हा शब्द आपण व्याख्यानांतून सहज उच्चारितों; समाजानें ज्याला थोडें दिलें, आणि तेंही कुरकुरत दिलें, त्यानें तें ऋण फेडलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्यांचा शास्त्रीय शोध १९२० सालचा. सूर्याचा किरण लोलकांतून नेला, तर सात रंगांच्या पट्ट्यांत बारीक काळ्या रेषा दिसतात. कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हें त्यापूर्वींच ठरलेलें होतें. पण एका ताऱ्याच्या प्रकाशांत कांहीं रेषा ठळक, दुसऱ्यांत त्याच फिक्या, तिसऱ्यांत मुळींच नाहींत, हें कां, तें नीटसें उलगडत नव्हतें. साहा यांनीं दाखविलें, कीं उष्णता व दाब यांच्या मानानें अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून जातात, आणि अणूची ती स्थिति पालटली म्हणजे त्याच्या रेषाही पालटतात. अर्थात् रेषा पाहून ताऱ्याची उष्णता सांगतां येऊं लागली. १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. एवढ्या मानावर त्यांनीं आयुष्यभर ताऱ्यांचाच विचार केला असता, तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. परंतु त्यांची दृष्टि आकाशांतून नदीकडे वळली.

१९२२ सालीं उत्तर बंगालांत मोठा पूर आला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं मदतकार्य उभारलें, आणि त्यांचे हे विद्यार्थी त्या कामांत उतरले. पुरानें उठविलेल्या लोकांस तांदूळ व वस्त्रें देणें हें पुण्यकर्म खरेंच. पण पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाच्या मनांत तांदूळ वांटतांनाही एक प्रश्न राहतो : पाणी आलें किती, तें कोठून आलें, आणि गेलें कां नाहीं? पुरांचीं कारणें अभ्यासावयास प्रयोगशाळा हव्यात, नद्यांचें मोजमाप वर्षानुवर्षें ठेवलें पाहिजे, हा आग्रह साहा यांनीं तेव्हांपासून धरला. त्याच पुराविषयीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकविणारे दुसरे एक गृहस्थ, प्रशांतचंद्र महालनोबिस, यांनीं सुमारें पन्नास वर्षांच्या पावसाचे आंकडे जमवून तपासले. स्थापत्यतज्ज्ञांचें मत असें होतें, कीं पुराचें पाणी अडवून धरण्यास मोठमोठे तलाव बांधावेत. आंकड्यांनीं असें दाखविलें, कीं तलावांनीं हें काम साधणार नाहीं; पाण्यास लवकर वाहून जावयास वाट हवी. एका अध्यापकानें वह्यांतले आंकडे नीट मांडल्यामुळें जनतेचा केवढा तरी पैसा व्यर्थ जाण्याचा टळला. ह्यास आम्ही समाजसेवा म्हणतों.

साहा यांनीं १९३५ सालीं ‘सायन्स अँड कल्चर’ हें मासिक काढलें, आणि नद्या, वीज, कारखाने, शिक्षण ह्या विषयांवर त्यांतून सतत लिहिलें. १९४३ सालीं दामोदर नदीनें बरद्वानजवळ बांध फोडला. कलकत्त्याकडे जाणारी रेल्वेची वाट तुटली, आणि तेंही महायुद्धाच्या व दुष्काळाच्या वर्षांत. सरकारनें नेमिलेल्या चौकशी-समितींत साहा होते. अमेरिकेंत टेनेसी नदीच्या खोऱ्यांत १९३३ पासून चाललेल्या कार्याचा अभ्यास करून त्यांनीं असें मांडलें, कीं एका ठिकाणचा बांध उंच करून भागणार नाहीं. साऱ्या खोऱ्याचा एकत्र विचार करावा, वरच्या अंगास धरणें बांधावीं, त्यांतून पूर आवरावा, शेतीस पाणी द्यावें आणि वीजही करावी. १९४८ सालीं दामोदर खोरें महामंडळ स्थापन झालें. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत हीं चार धरणें १९५३ ते १९५९ ह्या काळांत बांधून झालीं.

येथें आम्ही एक गोष्ट लपवूं इच्छीत नाहीं. योजिलेल्या धरणांपैकीं महामंडळानें चारच बांधलीं. खालच्या खोऱ्यांत त्यानंतरही पूर आले, १९७८ चा तर फारच मोठा होता. आणि धरणाच्या पाण्याखालीं ज्यांचीं घरें व शेतें गेलीं, त्यांचें दुःख कोणत्याही समीकरणांत बसत नाहीं. ह्यावरून पदार्थविज्ञान निरुपयोगी ठरतें काय? आमच्या मतें नाहीं. ह्यावरून एवढेंच ठरतें, कीं नदी मोजणाऱ्यानें नदीकांठच्या माणसांसही मोजणींत धरिलें पाहिजे. दृक्प्रत्यय ग्रहणापुरताच नसतो. योजनेचाही घ्यावा लागतो, आणि तेथेंही न जुळलें तर बीजसंस्कार करावा लागतो.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती आमच्या वाचकांच्या देवघराजवळची आहे. आपण मकरसंक्रांतीस तिळगूळ वांटितों, तो १४ किंवा १५ जानेवारीस. त्या दिवशीं सूर्याचें उत्तरायण सुरू होतें असें आपण मुलांस सांगतों. परंतु अंगणांतल्या खांबाची सावली रोज दुपारीं मोजून पाहिली, तर सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरासच, असें कोणासही दिसेल. हें अंतर कसें पडलें? सूर्यसिद्धांतांतील वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षाहून सुमारें २४ मिनिटांनीं मोठें आहे. २४ मिनिटें म्हणजे एक घटका. वर्षांत ती कोणास जाणवत नाहीं. पण साठ वर्षांत तिचा एक दिवस होतो, आणि चौदाशें वर्षांत तेवीस दिवस. आपल्या पूर्वजांची दृष्टि मंद होती असें मुळींच नाहीं. त्यांनीं आपल्या काळीं आकाशाशीं मेळ घातला होता. मेळ पुनःपुनः घालावा लागतो, हें पुढच्यांनीं विसरूं दिलें. महाराष्ट्रांत शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक ह्या मंडळींनीं ह्या प्रश्नाचा खल केला होताच; टिळक पंचांग हें नांव वाचकांस परिचित आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं भारत सरकारनें पंचांगशुद्धीसाठीं समिति नेमिली आणि तिचें अध्यक्षपद डॉ. साहा यांस दिलें. तिच्या सभासदांत ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी होते. देशांत तेव्हां सुमारें तीस निरनिराळ्या कालगणना चालत होत्या. एकाच सणाचा दिवस प्रांतोप्रांतीं वेगळा पडे. समितीनें आपला वृत्तांत १९५५ सालीं सादर केला. साहा यांस तो अंमलांत आलेला पाहतां आला नाहीं. १६ फेब्रुवारी १९५६ रोजीं दिल्लींत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जात असतां वाटेंतच त्यांचें हृदय बंद पडलें. पुढच्या वर्षीं, २२ मार्च १९५७ रोजीं, चैत्र १, शके १८७९ ह्या दिवसापासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालें. चैत्र तीस दिवसांचा, लीप वर्षीं एकतीस; वैशाख ते भाद्रपद हे पांच महिने एकतीस दिवसांचे; उरलेले सहा तीस दिवसांचे. आकाशवाणीवर व सरकारी राजपत्रावर जी भारतीय तारीख असते, ती हीच. धर्मकृत्यांसाठीं तिथि व चांद्रमास समितीनें काढून टाकले नाहींत. त्यांचें गणित तेवढें शुद्ध करून एका मेळावर आणण्याची खटपट केली. लोकांच्या श्रद्धेस धक्का न देतां त्यांच्या गणितास हात घालणें, हें किती जोखमीचें काम आहे, तें पंचांगाच्या वादांत सांपडलेल्या कोणाही कुटुंबप्रमुखास विचारावें. ज्याला एके काळीं पंक्तींतून उठविलें, त्यानेंच आपल्या सणांचे दिवस शुद्ध करून दिले, ही गोष्ट तिळगूळ वांटतांना मुलांस सांगण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, ‘साहा एकच; आमची नात कांहीं साहा नव्हे.’ आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरें उदाहरण देतों, ज्यांत थोर नांवांची आवश्यकता नाहीं. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं खेड्यांतल्या सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान नव्या रीतीनें शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील आणि दिल्ली विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचीं माणसें आपली सुट्टी तेथें घालवूं लागलीं. मुलांनीं धडा पाठ न करितां स्वस्त साहित्यानें स्वतः प्रयोग करावा, दिसेल तें लिहावें, आणि परीक्षेसही पुस्तक जवळ ठेवून बसावें, अशी ती पद्धति. सोळांपासून ती पसरत सुमारें हजार शाळांपर्यंत गेली. २००२ सालीं सरकारनें ती बंद केली. बंद झाली म्हणून ती फुकट गेली, असें आम्हांस वाटत नाहीं. तीस वर्षें खेड्यांतल्या मुलांनीं स्वतःच्या हातानें मोजलें आणि स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. एकदां लागलेली ती संवय कोणत्याही हुकुमानें परत घेतां येत नाहीं.

इतकेंही ज्यास दूरचें वाटेल, त्यानें आपल्याच घराच्या गच्चीवर जावें. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरावर पडला, तर तें पाणी बरोबर एक लिटर होतें. गच्ची शंभर चौरस मीटरांची असेल आणि गांवांत वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर असेल, तर त्या एका गच्चीवर एक लाख लिटर पाणी उतरतें. त्यांतलें कांहीं वाया जाईल. पण विंधनविहीर आणखी खोल न्यावी काय, असा वाद शेजाऱ्यापाजाऱ्यांत चालला असतां, पदार्थविज्ञान शिकलेल्या नातीनें हा हिशेब कागदावर मांडला व सरळ कडांच्या डब्यानें पाऊस प्रत्यक्ष मोजून दाखविला, तर वादाचें रूपच बदलेल. तसेंच विजेचें. ध्वनि तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर जातो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीसांहून कमी सेकंद मोजले गेले, तर ती दहा किलोमीटरांच्या आंत आहे, आणि शेतांतल्या माणसानें झाडाचा आसरा न घेतां पक्क्या घरांत शिरलें पाहिजे. गांवच्या शेतावर मजुरी करणाऱ्या बायांस हें कोणी सांगितलें आहे काय? ज्यास ठाऊक आहे, त्यानें तें सांगणें हें त्याचें कर्तव्यच होय. शिकलेलें ज्ञान घरांत कोंडून ठेवणें आणि दुष्काळांत धान्य कोठारांत कोंडून ठेवणें, ह्यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं.

म्हणून आमचें कुटुंबप्रमुखांस सांगणें असें, कीं मुलीनें किंवा मुलानें पदार्थविज्ञान घेतलें तर त्यास नाउमेद करूं नका. नोकरी त्यानें अवश्य करावी, घरास हातभार लावावा; पण आठवड्यांतले दोन तास जवळच्या शाळेंत, वस्तींत किंवा गांवच्या विहिरीपाशीं मोजमापासाठीं द्यावेत, आणि त्या दोन तासांस घरांतल्या मोठ्यांनीं ‘रिकामा उद्योग’ म्हणूं नये. विशेषतः मुलीच्या बाबतींत, स्वयंपाकघरांतलीं कामें उरकल्यावर वेळ उरला तर शास्त्र, असा क्रम लावूं नये. वेळ कधींच उरत नाहीं, हें आमच्या वाचकभगिनी आमच्याहून अधिक जाणतात.

दुसरें सांगणें अनंतकुमार दास यांच्या घराकडे पाहून सुचलें आहे. त्या डॉक्टरांनीं पदार्थविज्ञानाचें पुस्तक उघडलें होतें कीं नाहीं, ह्याची चौकशी करण्याचें कारण नाहीं. त्यांनीं एका दुकानदाराच्या मुलास ताट वाढलें, आणि शिक्षणाची वाट मोकळी केली. एकत्र कुटुंबांत दहा माणसांचें शिजतें, तेथें अकरावें पान जड नसतें. वार लावून जेवण्याची रीत आतां गेली असली, तरी तिच्या जागीं फीचा भार उचलतां येतो, पुस्तकें देतां येतात, अभ्यासास एक खोली देतां येते. तो मुलगा किंवा ती मुलगी आपल्या जातीची, आपल्या नात्याची असली पाहिजे, असा नियम मात्र करूं नये. येत्या चातुर्मासांत जे वाचक कांहीं नेम धरणार असतील, त्यांनीं हा एक नेम धरून पाहावा : ज्याच्या घरीं शास्त्र शिकविण्याची ऐपत नाहीं, अशा एका विद्यार्थ्याचा वर्षाचा भार आपल्या घरानें उचलावा, आणि त्यास आपल्या पंक्तीस बसवून जेवूं घालावें.